रिव्हेंडेल चार मशीनवर बसवताना काय कुठं ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आला होता. सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला एका संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. आजवर एकाच विंडोज मशीनवर प्लेलिस्ट लावून प्रसारण चालायचं. आता चार पीसींवर लिनक्स टाकून रिव्हेंडेल, म्हणजे रेडिओचं प्रसारण आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं ठरलंय: एक पीसी ऑन-एअर स्टुडिओत, एक रेकॉर्डिंगच्या खोलीत, एक ऑफिसात लॉग (काय कधी वाजायचं त्याची यादी) बनवायला आणि चौथा सर्व्हर म्हणून. विचारणाऱ्या मॅडम लिहितात, "एका मशीनवर सगळं व्यवस्थित चाललं. दुसरं जोडलं तर कार्टांची यादी दिसते, पण वाजत काहीच नाही. आणि वेगळा सर्व्हर हवा की नको यावरून आमच्यात दोन तट पडलेत."

मॅडम, आधी आवाजाचं बघू, तटांचं नंतर.

रिव्हेंडेल म्हणजे एकच प्रोग्रॅम नव्हे, तीन वेगळ्या गोष्टींची जोडणी आहे. आपल्याकडं चादरीच्या मागावर नक्षीचं जकार्ड वेगळं, सूत वेगळं आणि माग वेगळा, तसंच हे. कार्टांची (गाणं, जिंगल अशा प्रत्येक नोंदीची) नावं, कटांची (कार्टमधल्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणांची) लांबी, लॉग, ग्रुप, कुणाला कशाची परवानगी, हे सगळं मारियाडीबीच्या डेटाबेसमध्ये असतं. ती झाली नक्षी. खरा आवाज डेटाबेसमध्ये नसतोच. तो 'व्हार'च्या आतल्या 'एसएनडी' फोल्डरमध्ये साध्या वेव्ह फाइली होऊन पडलेला असतो. ते सूत. आणि साउंड कार्ड हातात घेऊन प्रत्यक्ष वाजवणारा सीएई नावाचा डीमन (पडद्यामागं चालणारा प्रोग्रॅम) प्रत्येक मशीनवर आपापला चालतो. तो माग. एकाच मशीनवर इन्स्टॉल केलं की तिन्ही एका डब्यात येतात, म्हणून फरक जाणवत नाही. दुसरं मशीन जोडताना तुम्ही नक्षी पाठवलीत, सूत पाठवायचं राहिलं.

खात्री करायला दुसऱ्या मशीनवर टर्मिनल उघडून त्या एसएनडी फोल्डरची यादी काढा. फाइलींची नावं ठरावीक साच्यात असतात: सहा आकडी कार्ट क्रमांक, अंडरस्कोर, तीन आकडी कट क्रमांक. म्हणजे १०२३४ क्रमांकाच्या कार्टचा पहिला कट ०१०२३४_००१ या नावानं दिसला पाहिजे. फोल्डर रिकामं असेल तर एनएफएसनं (एका मशीनचं फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्याला वापरू देणारी सोय) ते जोडलेलंच नाही. फाइली दिसतात पण वाजत नाहीत, असं असेल तर परवानग्या बघा, आणि त्यासुद्धा नावानं नव्हे, आकड्यानं. एनएफएसच्या साध्या मांडणीत फाइलीचा मालक नावावरून ठरत नाही, यूजर क्रमांकावरून ठरतो. एका मशीनवर रिव्हेंडेलच्या यूजरचा क्रमांक एक आणि दुसऱ्यावर वेगळा असेल, तर दोन्हीकडं नाव तेच दिसेल आणि तरी दार बंदच राहील. चारही मशीनवर आयडी कमांड देऊन आकडे कागदावर लिहा. जुळत नसतील तर आत्ताच जुळवा. पाच हजार फाइली झाल्यावर मालकी बदलत बसणं हे रविवार खाणारं काम आहे. मी खाल्लेत असे दोन रविवार.

आणि फाइली आहेत, आकडेही जुळतात, तरी स्पीकर गप्पच? मग त्या मशीनचा मागच उभा नाही. आरडीअ‍ॅडमिनमध्ये, म्हणजे रिव्हेंडेलच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, त्या होस्टचं (मशीनचं) साउंड कार्ड नेमून दिलेलं नसतं. त्याकडं पुढं येतो.

आता तट. बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की डेटाबेस आणि आवाज वेगळ्या सर्व्हरवर ठेवा आणि बाकी सगळी मशीनं क्लायंट करा. मोठ्या केंद्रात ते बरोबर आहे. तिथं सर्व्हरला रॅक असतो, दोन-दोन पॉवर सप्लाय असतात, माणूस असतो. चार पीसींच्या, १०० वॅटच्या केंद्रात माझं मत उलटं आहे. डेटाबेस आणि आवाज दोन्ही ऑन-एअर मशीनवरच ठेवा. बाकीची मशीनं त्याची क्लायंट. चौथ्या पीसीला सर्व्हर करू नका, राखीव गडी करा.

कारण सांगतो. एका केंद्रात मी पुस्तकी पद्धतीनं वेगळा सर्व्हर लावून दिला होता. मे महिना, बाहेर ४२ अंश, स्टुडिओच्या दारात कूलर. नेटवर्क स्विचचा अडॅप्टर ज्या बोर्डात होता त्याच बोर्डात कूलरची पिन लावायची होती, म्हणून कुणीतरी अडॅप्टर काढून बाजूला ठेवला. ऑन-एअर मशीन चालू, सर्व्हर चालू, ट्रान्समीटर चालू, दोन्ही यूपीएस खुशाल. आणि गाणं कडव्याच्या मध्येच थांबलं. स्क्रीनवर आरडीएअरप्ले, म्हणजे लॉग वाजवणारा प्रोग्रॅम, गोठलेला, माऊस हलतोय पण बटण दाबलं जात नाही. एनएफएसचा स्वभावच तो आहे: पलीकडचं मशीन दिसेनासं झालं की 'येईल कधीतरी' म्हणत वाट बघत बसतो, आणि त्याच्यावर टेकलेला प्रोग्रॅमही बसून राहतो. पंधरा मिनिटं नुसती शांतता प्रसारित झाली. निवेदिकेनं मशीन दोनदा रीस्टार्ट केलं, पण बोर्डाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. नंतर कारण कळल्यावर मला सगळ्यात जास्त राग माझाच आला. अडीचशे रुपयांच्या अडॅप्टरवर आख्खं केंद्र टांगलं होतं ते मीच.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो: ऑन-एअर मशीनला वाजवत राहायला स्वतःबाहेरचं काय काय लागतं? जितकं कमी, तितकं बरं. वीज आणि ट्रान्समीटरकडं जाणारी ऑडिओची तार, एवढंच उरलं तर उत्तम. तुमच्यातला 'सर्व्हर हवाच' म्हणणारा तट म्हणेल की ऑन-एअर मशीनच मेलं तर सगळंच गेलं. खरं आहे. पण त्याचं उत्तर राखीव मशीन हे आहे, वेगळा सर्व्हर हे नव्हे. वेगळा सर्व्हर लावला की निकामी होऊ शकणारी मशीनं एकाची दोन होतात, वर स्विच तिसरा.

लोड पेलेल का, हा पुढचा प्रश्न येतोच. हिशेब करा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ आवाजाला सेकंदाला १,९२,००० बाइट लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी. नेटवर्कवर हे दीड मेगाबिटच्या आसपास जातं. शंभर मेगाबिटचा जुना स्विचही हसत झेलेल. पाच मिनिटांचं एक गाणं ५८ एमबी, चार हजार गाणी २३० जीबी. ५०० जीबीची एसएसडी टाका, कम्प्रेशनच्या भानगडीत पडू नका. हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी घ्या असं सांगण्याचं कारण वेग नाही, आपली धूळ आणि उन्हाळा आहे.

बसवण्याचा क्रम. उबंटू २२.०४ घ्या. रिव्हेंडेलची चौथी आवृत्ती त्यावर नीट बसते आणि उबंटूच्या या आवृत्तीला एप्रिल २०२७ पर्यंत नेहमीचे अपडेट आहेत. जुने व्हिडिओ बघून सेंटओएस ७ टाकू नका, त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. चारही मशीनवर रिव्हेंडेलची आवृत्ती तंतोतंत एकच हवी. डेटाबेसची रचना आवृत्तीनुसार बदलते, आणि नव्या रचनेशी जुना क्लायंट बोलत नाही.

इन्स्टॉल करण्याआधी मशीनची नावं आणि पत्ते कायमचे ठरवा. हे वाचून 'त्यात काय' वाटेल, पण रिव्हेंडेल मशीनला त्याच्या होस्टनेमनं ओळखतं. साउंड कार्ड, परवानग्या, आरडीएअरप्लेची सेटिंग हे सगळं त्या नावाला चिकटलेलं असतं. नंतर हौसेनं नाव बदललंत तर मशीन स्वतःच्याच घरात परकं होतं. नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, जागा न सोडता. मी प्रसारण, निर्मिती, कार्यालय, राखीव अशी ठेवतो. पत्ते राउटरवर सोडू नका, हातानं द्या: १९२.१६८.१०.१० पासून ओळीनं. ते चारही पत्ते आणि नावं प्रत्येक मशीनच्या होस्ट फाइलीत लिहा. वायफाय नको म्हणजे नको. 'फक्त ऑफिसच्या मशीनला' सुद्धा नको.

इन्स्टॉलर विचारतो की हे मशीन एकटं चालणार, सर्व्हर होणार की क्लायंट. ऑन-एअरवर सर्व्हर निवडा, निर्मिती आणि कार्यालयावर क्लायंट. राखीववर 'एकटं' निवडा, का ते खाली येईल. इन्स्टॉलरनं केलं असेल असं गृहीत धरू नका, तीन गोष्टी स्वतः तपासा. पहिली, मारियाडीबी फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकत नाही ना. त्याच्या सर्व्हर फाइलीत बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ असेल तर बाहेरचा कुणीही आत येणार नाही. दुसरी, डेटाबेसच्या यूजरला १९२.१६८.१० या सगळ्या पट्ट्यातून यायची मुभा आहे ना. तिसरी, फायरवॉल. ३३०६ डेटाबेससाठी, २०४९ एनएफएससाठी, ८० वेब सेवेसाठी, आणि रिव्हेंडेलचे स्वतःचे ५००५ व ५००६, हे आतल्या पट्ट्यापुरते मोकळे हवेत.

क्लायंटवर आरडी डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. डेटाबेसच्या भागात होस्टनेमसमोर ऑन-एअर मशीनचा पत्ता, आणि यूजर-पासवर्ड सर्व्हरवर आहेत तेच. पासवर्ड आधी बदलून घ्या, कारण मुळातला पासवर्ड जगाला माहीत आहे. मग ऑन-एअर मशीनवर आरडीअ‍ॅडमिन उघडून होस्टांच्या यादीत नवं नाव जोडा, त्याचा पत्ता भरा. नवं होस्ट जोडताना जुन्या होस्टची नक्कल करायची सोय आहे, ती वापरा.

इथं एक खाचखळगा आहे. होस्टच्या त्याच खिडकीत 'एचटीटीपी एक्सपोर्ट' नावाचा रकाना असतो. बाहेरची फाइल लायब्ररीत आणताना ती कोणत्या मशीनच्या वेब सेवेकडून आत जाणार हे तिथं ठरतं. क्लायंटांसाठी तिथं ऑन-एअर मशीनचं नाव द्या. मग फाइल थेट जिथं राहायची तिथंच लिहिली जाते. न देता 'लोकलहोस्ट' (म्हणजे ते मशीन स्वतःच) ठेवलंत आणि त्या दिवशी एनएफएस जोडलेला नसेल, तर काय होतं ते मला पाठ आहे. जानेवारी, गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. अक्षता सोहळ्याला आलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन आम्ही दुपारी केंद्रावर पोचलो. सकाळी वीज जाऊन आली होती. निर्मितीचं मशीन ऑन-एअरच्या आधी बूट झालं, समोर कुणी नाही म्हणून जोडणी न होताच पुढं गेलं. आम्ही चाळीसेक कट आत घेतले. निर्मितीच्या खोलीत सगळे छान वाजले, कारण ते त्याच मशीनच्या रिकाम्या फोल्डरात लिहिले गेले होते. डेटाबेस मात्र सामाईक, त्यामुळं ऑन-एअरवर नावं दिसली, मिनिटं-सेकंद दिसले, लॉगमध्ये बसले. संध्याकाळी प्रसारणात एकेक कार्ट आलं आणि काही न वाजवता पुढं सरकत गेलं. लोक नंदीध्वजांचं ऐकायला बसलेले आणि आमच्याकडं गाण्यामागून गाणी.

उपाय दोन. एफएसटॅबमध्ये (कोणतं फोल्डर कुठं जोडायचं ते सांगणारी फाइल) त्या जोडणीला ऑटोमाउंट लावा, म्हणजे फोल्डरला हात लागेल तेव्हा ती पुन्हा प्रयत्न करते आणि बूटच्या वेळेवर अवलंबून राहत नाही. आणि जोडण्याआधी क्लायंटवरचं रिकामं फोल्डर सीएच-अ‍ॅटर कमांडनं 'अचल' करून ठेवा. मग जोडणी नसताना त्यात रूट यूजरलासुद्धा काही लिहिता येत नाही. चूक झाली तर लगेच, तोंडावर होते. संध्याकाळी सहाला होत नाही.

कार्यालयाच्या मशीनवर फक्त लॉग आणि जाहिरातींचं वेळापत्रक बनणार असेल, ऐकायचं काही नसेल, तर तिथं एनएफएस जोडूच नका. डेटाबेस पुरतो.

साउंड कार्डाबद्दल. लिनक्स कार्डांना बूट होताना शून्य, एक, दोन असे आकडे देतं, आणि मॉनिटरच्या एचडीएमआयमधलं ऑडिओही एक कार्डच धरतं. यूएसबी कार्ड असेल तर आज जे एक आहे ते उद्या शून्य होऊ शकतं, आणि मग तुमचं प्रसारण मॉनिटरच्या बिनआवाजी स्पीकरकडं जातं. मॉड्यूलच्या कॉन्फिग फाइलीत कार्डाचा क्रमांक बांधून टाका. दुसरं, डेस्कटॉपची स्वतःची आवाज व्यवस्था, पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, ते कार्ड पकडून बसते. आरडीआल्साकॉन्फिगमध्ये कोणतं कार्ड रिव्हेंडेलच्या ताब्यात हे निवडा आणि डेस्कटॉपच्या घंटा-शिट्ट्या दुसऱ्या कार्डावर जाऊ द्या. नाहीतर निवेदनाच्या मध्ये 'टुंग' वाजतं. तुम्हाला जॅक (एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्याकडं नेणारी व्यवस्था) लागेल का? बाहेरचा प्रोसेसर, स्ट्रीमिंग किंवा शांतता पकडणारा प्रोग्रॅम जोडायचा असेल तर हो. नुसतं वाजवायचं असेल तर आल्सा, म्हणजे लिनक्सची मुळातली आवाज व्यवस्था, पुरे, बिघडायला जागा कमी. सॅम्पल रेट मात्र पहिल्याच दिवशी आरडीअ‍ॅडमिनच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ठरवून टाका, ४८,००० ठेवा. नंतर बदललात तर आधीच्या फाइली आपोआप बदलत नाहीत.

स्टुडिओ ते ट्रान्समीटर तारेत 'भूंऽऽ' येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. दोन यूपीएसच्या दोन अर्थिंगचा तो प्रकार असतो. बॅलन्स्ड तार वापरा, मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

घड्याळं. लॉगमधल्या ठरावीक वेळेच्या नोंदी त्या-त्या मशीनच्या घड्याळावर सुटतात. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा घ्यायच्या असतील तर तिकडं काटा ठोक्यावर पडतो, तुमचा पाच सेकंद मागं असेल तर पहिलं वाक्य गेलं. ऑन-एअर मशीनला मी इंटरनेट देत नाही, डीफॉल्ट गेटवेच भरत नाही. कार्यालयाचं मशीन क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम वापरून बाहेरून वेळ घेतं आणि आतल्या तिघांना वाटतं. ते बंद पडलं तरी ऑन-एअरचं घड्याळ काही तासांत बिघडत नाही. आणि ठरावीक वेळेची नोंद टाकताना विचार करा: 'लगेच सुरू कर' निवडलंत तर चालू गाणं तिथंच कापलं जातं. बातम्यांना ते ठीक. जिंगलला 'पुढचं म्हणून लाव' एवढं बास.

आता मला ज्यात खरा रस आहे ते, ग्रुप. सोलापूरचं केंद्र म्हणजे तीन भाषा आल्याच. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडं कन्नड, आणि मराठी सगळीकडं. बरेच जण 'गाणी' असा एकच ग्रुप करतात आणि भाषा नावापुढं लिहून ठेवतात. करू नका. आरडीलॉगमॅनेजरमध्ये तासाचं क्लॉक, म्हणजे तासाचा साचा, इव्हेंटांचं (त्यातल्या एकेका टप्प्याचं) बनतं, आणि इव्हेंट आपोआप गाणं उचलताना एका ग्रुपमधून उचलतो. भाषेनुसार ग्रुप असतील तर तासाचा साचा सरळ मांडता येतो: दोन मराठी, एक तेलुगू, जिंगल, मराठी, कन्नड, मग जाहिराती. (जाहिरातींना सामुदायिक केंद्रांसाठी तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, २०२४ च्या आधी ती ७ होती. त्या इव्हेंटांची बेरीज क्लॉकमध्येच जमवून टाका.) भक्तिगीत, लोकगीत, चित्रपटगीत हा भेद शेड्युलर कोडनं करा. सकाळच्या इव्हेंटला 'भक्ती कोड हवाच' म्हणून सांगितलं की तिन्ही भाषांत पहाट जमते.

प्रत्येक ग्रुपला क्रमांकांचा पट्टा द्या आणि तो पाळण्याची सक्तीही लावा. मराठी १०००० ते १९९९९, तेलुगू २०००० पासून, कन्नड ३०००० पासून, जिंगल १००० पासून, मुलाखती ५०००० पासून. महिन्याभरात निवेदक मंडळी आकडा बघूनच 'हे तेलुगू' म्हणायला लागतात. नावं देवनागरीत, तेलुगूत, कन्नडमध्ये बिनधास्त लिहा. चौकोन दिसले तर फाँट बसवायचे राहिलेत, डेटाबेस बिघडलेला नाही. फक्त होस्टनेम, ग्रुपची नावं आणि कोड रोमनमध्ये ठेवा. शोधताना आणि मॅक्रो लिहिताना सुख लागतं.

लोक मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपनं आवाज पाठवतात, तुमच्याकडंही पाठवत असतील. तो ओपस कोडेकमध्ये, मोनो असतो. मी तो आधी एफएफएमपेगनं वेव्हमध्ये बदलतो आणि मग निर्मिती मशीनवरच्या ड्रॉपबॉक्स फोल्डरात टाकतो. ड्रॉपबॉक्स म्हणजे इथं इंटरनेटवरची सेवा नव्हे. रिव्हेंडेल ज्या फोल्डरावर नजर ठेवून असतं आणि पडलेली फाइल नेमलेल्या ग्रुपात आपसूक घेतं, ते. स्वयंसेवकांना लायब्ररीत डिलीटची परवानगी देऊ नका, फोल्डर दाखवा. भांडणं निम्म्यावर येतात.

परवानगीच्या अटींप्रमाणे प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. त्यासाठी निर्मिती मशीनला एक साधा एफएम रेडिओ जोडा, स्वतःचंच केंद्र लावा आणि तासातासाच्या एमपीथ्री फाइली करा. ६४ केबीपीएसला तासाची फाइल २९ एमबीच्या आत बसते, नव्वद दिवसांचे चोवीस तास धरले तरी ६२ जीबी. स्टुडिओच्या मिक्सरवरून नोंद घेऊ नका. हवेतून घेतलेली नोंद ट्रान्समीटरपर्यंतचं सगळं चाललं होतं याचा पुरावा असते. त्याच आवाजावर सायलेंटजॅक हा शांतता पकडणारा प्रोग्रॅम बसवा. वीस सेकंद शांतता झाली की त्यानं कुणाला तरी उठवलं पाहिजे.

राखीव मशीन. रोज रात्री प्रसारण संपल्यावर डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) राखीववर जाऊन तिथल्या डेटाबेसमध्ये उतरतो, मग आरसिंक या फाइली नकलणाऱ्या कमांडनं आवाजाचं फोल्डर. क्रम हाच ठेवा: आधी डेटाबेस, नंतर आवाज. उलटं केलंत तर मधल्या दहा मिनिटांत आलेल्या कटाचं नाव येतं आणि फाइल मागं राहते. आरसिंकला 'तिकडं नसेल ते इकडं पुस' हा पर्याय देऊ नका. एकदा चुकून ऑन-एअरवर फाइली उडाल्या तर रात्रीत राखीववरच्याही उडतील. महिन्यातून एकदा हातानं साफ करा.

राखीव 'एकटं' बसवलं म्हणजे त्याचा स्वतःचा डेटाबेस, स्वतःचं फोल्डर. त्याचं नाव मात्र ऑन-एअरच्या होस्ट यादीत साउंड कार्डासकट आधीच भरून ठेवा, कारण रात्री येणाऱ्या डंपात होस्टांची यादी तिथलीच असते. ऑन-एअर गेलं तर ट्रान्समीटरची तार राखीवला लावायची, आरडीएअरप्ले उघडायचा, आजचा लॉग चढवायचा. क्लायंटांना तिकडं वळवायला रिव्हेंडेलमध्ये आरडीसिलेक्ट नावाचं छोटं साधन आहे. आरडी डॉट कॉन्फच्या दोन प्रती, एक नेहमीची आणि एक आणीबाणीची, रिव्हेंडेल डॉट डी फोल्डरात ठेवल्या की यादीतून निवडून बदलता येतं. तारेची अदलाबदल निवेदकांकडून दोन-तीनदा करवून घ्या. कुठली तार कुठं, ते मशीनवर मराठीत चिकटवा.

उबंटूचे आपोआप होणारे अपडेट चारही मशीनवर बंद करा. नाहीतर भर कार्यक्रमात मारियाडीबी स्वतःला रीस्टार्ट करून घेते. बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप चालू' हे लावा, आणि यूपीएसवर पीसी लावताना नेटवर्क स्विचही त्यावर लावायला विसरू नका. सगळे विसरतात.

सगळं झालं की एका रविवारी पहाटे, कमी श्रोते असताना, ऑन-एअरवर गाणं चालू असताना स्विचची पिन काढा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. गाणं संपून पुढचं लागलं, त्याच्या पुढचंही लागलं, तर झालं. थांबलं तर बहुतेक कारण एकच सापडेल: ऑन-एअर मशीनच्या आरडी डॉट कॉन्फमध्ये तुम्ही डेटाबेसचा पत्ता १९२.१६८.१०.१० असा लिहिलाय. पत्ता त्याचाच आहे, पण तार मेली की उबंटूचा नेटवर्कमॅनेजर तो पत्ताच काढून घेतो आणि मशीनला स्वतःचाच डेटाबेस सापडेनासा होतो. तिथं 'लोकलहोस्ट' लिहा, आरडीअ‍ॅडमिनमध्येही या एका होस्टपुरतं सीएई आणि एक्सपोर्टसमोर 'लोकलहोस्ट'च ठेवा, सेवा रीस्टार्ट करा, आणि पिन पुन्हा काढून बघा.